पॅनेल बिल्डिंगमधून सोलरमध्ये जायचंय, ६५ हजारांचा कोर्स करावा का?

बसबार_अंबड

नमस्कार मंडळी.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एलटी पॅनेल (कमी दाबाच्या वीजवाटपाचे डबे) बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आहे. बी.ई. इलेक्ट्रिकल, २०२१ची बॅच, म्हणजे अर्धीअधिक प्रॅक्टिकलं मोबाइलवर बघून पास झालेली. पीसीसी, एमसीसी, एपीएफसी (वीजवाटप, मोटार-नियंत्रण, पॉवर फॅक्टर) पॅनेलांची ड्रॉइंग, बसबारचं (आतल्या वीजवाहक पट्ट्यांचं) साइझिंग, वायरिंग तपासणं आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर टेस्टिंग करून दाखवणं, हे माझं काम. काम वाईट नाही. पण हल्ली आमच्याकडे येणाऱ्या ऑर्डरींत सोलरचे एसीडीबीच (इन्व्हर्टरची एसी वीज पुढे वाटणारे डबे) जास्त. आम्ही डबा बनवून ट्रकमध्ये चढवतो आणि खरं काम पुढे कोणीतरी दुसराच करतो, असं वाटायला लागलंय.

प्रश्न ट्रेनिंगचा. एका खासगी संस्थेचा रोज फोन येतो. तीन महिने, शनिवार-रविवार, ऑनलाइन, फी ६५ हजार, 'आंतरराष्ट्रीय मान्यतेचं' सर्टिफिकेट आणि प्लेसमेंटला मदत. मामा म्हणतो सूर्यमित्र कर, सरकारी आहे, फुकट आहे. कॉलेजातला मित्र म्हणतो एम.टेक. कर, नाहीतर सरळ जर्मनी गाठ. बायको म्हणते आधी घराचा हप्ता बघा. चौघांचंही थोडंथोडं पटतं, हीच अडचण आहे.

प्रत्यक्ष या धंद्यात असलेल्यांनी सांगावं: इंजिनिअर घेताना कंपन्या नेमकं काय बघतात? आणि पैसे घालायचेच तर कुठे घालू?

छतावरचा_पुणेकर

मी रूफटॉप लावतो. पीएम सूर्यघर आल्यापासून फोन उचलायला माणूस ठेवलाय, कारण ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान म्हटलं की सोसायटीतल्या सगळ्यांनाच एकदम पर्यावरणाची काळजी वाटायला लागते.

माझ्या धंद्यात सर्टिफिकेट कोणी विचारत नाही. मला माणूस हवा तो असा, की गच्चीवर चढला, टाकी कुठे, जिन्याची खोली कुठे, शेजारची बिल्डिंग डिसेंबरात सावली कुठवर टाकेल हे बघून आला आणि महावितरणच्या पोर्टलवर अर्ज भरताना सॅंक्शन्ड लोड चुकवला नाही. पगार मात्र तुला आत्ता मिळतो त्याहून फार जास्त देता येणार नाही, खरं तेच सांगतो.

सूर्यमित्रबद्दल: योजना चांगली आहे, २०१५पासून चालू आहे, ६०० तासांचं निवासी शिक्षण. पण ती आयटीआय-डिप्लोमावाल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. माझ्याकडची स्ट्रक्चर बसवणारी पोरं तिथूनच आलीत. तू त्यांच्या कामावर सही करणारा माणूस व्हायला हवंस. मामांना नमस्कार सांग.

मेगर

मी टेस्टिंग-कमिशनिंग करते, जमिनीवरच्या मोठ्या प्लांटचं. मूळची धुळ्याची. आमच्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ला उभा राहिला तेव्हा आमच्या नातेवाइकांत सोलर म्हणजे गच्चीवरचा पाण्याचा बंब. मी सोलरमध्ये नोकरी धरली तर आत्याने विचारलं होतं, 'गिझर विकते का तू?' असो. भाऊ, तू वयाने लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको.

मुलाखती मी पण घेते. टेबलावर क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर आणि मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) ठेवते आणि सांगते, बाहेर कंबाइनर बॉक्स (स्ट्रिंगा एकत्र येतात तो डबा) आहे, एका स्ट्रिंगचं (एकामागे एक जोडलेल्या मोड्यूलच्या, म्हणजे सोलर पॅनेलांच्या, माळेचं) इन्सुलेशन मोजून आण. कोर्स करून आलेल्या मुलांना एमपीपीटीची (इन्व्हर्टर मोड्यूलांतून जास्तीत जास्त वीज कशी काढतो त्याची) व्याख्या तोंडपाठ असते. पण त्यांच्यातले बरेचसे इन्व्हर्टर जोडलेलाच ठेवून मेगर लावायला निघतात. सर्ज अरेस्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग) बाजूला करायचा असतो, नाहीतर रीडिंग केबलचं येत नाही, अरेस्टरचं येतं, हे तर क्वचितच कोणाला सुचतं. मी त्यांना दारातच थांबवते. मीटर महाग आहेत आणि पोरं त्याहून महाग.

तुझ्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे आणि एक मोठा धोका. जमेची बाजू अशी की तू लग टाइट करतोस, टॉर्क रेंच हातात धरलेला आहे, गिऱ्हाइकासमोर टेस्ट रिपोर्ट भरलाय. प्लांटमध्ये आग लागते ती बहुतेक वेळा कुठल्या गूढ कारणाने नाही. सैल जोड, नाहीतर एका कंपनीचा एमसी४ (मोड्यूलच्या केबलचा कनेक्टर) दुसऱ्या कंपनीच्या एमसी४मध्ये घुसवलेला. दिसायला बसतो, क्लिकचा आवाजही येतो, आतला संपर्क मात्र धड होत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात प्लास्टिक वितळतं. हे बघायची नजर तुझ्याकडे आधीच असणार.

धोका असा की तुझ्या हाताला एसीची सवय आहे. कारखान्यात मेन इनकमर (मुख्य ब्रेकर) पाडला की पॅनेल मेलं. इथे ऊन आहे तोवर स्ट्रिंग जिवंत. मोड्यूलला स्विच नसतो. दुसरं, एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, म्हणून ब्रेकर उघडला की ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसीत शून्य येतच नाही. लोड चालू असताना एमसी४ ओढून काढलास तर जी आर्क पेटते ती तशीच पेटत राहते. एसीचा एमसीसीबी (ब्रेकर) डीसी बाजूला लावलेला मी साइटवर पाहिलाय, आणि तो लावणारा माणूस अनुभवी इलेक्ट्रिशियन होता. तुझं ट्रेनिंग इथून सुरू व्हायला हवं. सौरऊर्जेचा इतिहास आणि पॅरिस करार नंतर वाच, पाठ करायला काही हरकत नाही.

आता ६५ हजारांचं. त्या फोनवाल्याला एवढंच विचार: माझ्या हाताला काय लागणार? आयव्ही कर्व्ह ट्रेसर (मोड्यूलचा करंट-व्होल्टेज आलेख काढणारं यंत्र) किती आणि मुलं किती? एमसी४ क्रिम्प मी स्वतः करणार का? अर्थ टेस्टरचे रॉड जमिनीत मी ठोकणार का? इन्व्हर्टर उघडून दाखवणार का? शिकवणाऱ्याने स्वतः कुठला प्लांट चार्ज (पहिल्यांदा वीज सोडून चालू) केलाय, किती किलोव्होल्टवर? यावर त्याने पीडीएफ पाठवलं तर नंबर ब्लॉक कर. ऑनलाइन शिकवण्याला माझा विरोध नाही. थिअरी ऑनलाइनच शिक, पण ती जवळजवळ फुकट मिळते. आयआयटीवाल्यांचे सौर पीव्हीवरचे एनपीटेलचे कोर्स आहेत, व्हिडिओ मोफत, परीक्षा द्यायचीच तर हजार रुपये. आयआयटी मुंबईत २०१०पासून एनसीपीआरई नावाचं केंद्र आहे. त्यांनी देशभर फिरून जुने मोड्यूल तपासले, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ला, आणि अहवाल सगळ्यांसाठी खुले ठेवले. ते वाच. उष्ण भागात मोड्यूल लवकर मरतात हे त्यात आहेच, पण छोट्या छतांवरचे मोड्यूल मोठ्या प्लांटमधल्यांपेक्षा वाईट अवस्थेत सापडले हेही आहे. का, हे पुणेकर सांगतील. (चिडू नका हो.)

पैसे घालायचेच तर प्रवासात घाल. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आहे, नाइस म्हणतात तिला. तिथे इंजिनिअरांसाठी थोड्या दिवसांचे कोर्स असतात आणि खऱ्या टेस्ट लॅब आहेत. वेळापत्रक त्यांच्या साइटवर येतं, फोन करत बसावं लागतं, सरकारी काम. पण मोड्यूल अंधारात ठेवून त्यातून करंट सोडला की भेगा कशा काळ्या दिसतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की साइटवर कोणी मोड्यूलवरून चालत गेलं तर तू त्याला हाक मारून खाली उतरवशील.

आयईसी ६२४४६ भाग १ हे मानक मिळवून वाच. कमिशनिंगला काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कागदावर काय लिहून द्यायचं, सगळं त्यात आहे: अर्थिंगची सलगता, पोलॅरिटी, प्रत्येक स्ट्रिंगचा व्हीओसी (उघड्या टोकांचं व्होल्टेज), आयएससी (टोकं शॉर्ट केल्यावरचा करंट), इन्सुलेशन. पीव्हीसिस्ट या प्लांट डिझाइनच्या सॉफ्टवेअरची ३० दिवसांची चाचणी प्रत मिळते. ती आत्ता उघडू नको, खरी जागा हातात आली की उघड, नाहीतर महिना बटणं दाबण्यात जातो. तोवर अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं 'सॅम' वापर, ते फुकट आहे.

कागदांत वजन असलेले कागद मोजकेच. विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना तुझ्याकडे नसेल तर अटी बघून अर्ज टाक. विद्युत निरीक्षकाकडे फाइल जाते तेव्हा त्याला तुझं आंतरराष्ट्रीय मान्यतेचं सर्टिफिकेट नको असतं. दुसरा कागद म्हणजे बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा. चार पेपर, चौथा पुस्तकं उघडी ठेवून द्यायचा आणि तोच जास्त घाम काढतो. सोलर त्यात थोडंच आहे. पण त्या परीक्षेमागे २००१चा ऊर्जा संवर्धन कायदा उभा आहे, त्यामुळे कारखाने तुला दारात घेतात.

आणि साइट म्हणजे काय ते बायकोला आधी सांग. पत्र्याचं केबिन, मे महिना, जेवण गावातल्या खानावळीचं. साइटवर बायकांसाठी शौचालय आहे का, हे मी अजून प्रत्येक नव्या कामाआधी विचारते, आणि समोरचा प्रत्येक वेळी दचकतो.

जाता जाता एक गणित देते, इथेच सोडव. मोड्यूल ५५० वॉटचा, व्हीओसी ५० व्होल्ट, तापमान गुणांक उणे ०.२७ टक्के प्रति अंश. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा १५०० व्होल्ट. साइट निफाड तालुका. एका स्ट्रिंगमध्ये किती मोड्यूल घेशील?

छतावरचा_पुणेकर

चिडलो नाही ताई, पण स्वस्तात लावून द्या म्हणणारं गिऱ्हाईक तुम्हाला भेटत नाही, आम्हाला रोज भेटतं.

१५०० भागिले ५०, ३० मोड्यूल. आमच्या गच्च्यांवर १०००च्या पुढे जायची वेळच येत नाही, त्यामुळे मोठी साइट तुम्हीच सांभाळा.

वनकुसवडेचा_वारा

सगळे सोलर सोलर करताय, वाऱ्याला कोणी विचारायला तयार नाही. मी पाटणचा. लहानपणी पठारावर साडेतीनशे किलोवॉटच्या मशीन उभ्या राहताना बघितल्या, आता तीन मेगावॉटच्या मशीनवर काम करतो, तेही कर्नाटकात.

विंडमध्ये सर्टिफिकेट खरंच विचारतात, पण वेगळं. जीडब्ल्यूओ या पवन कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग: प्रथमोपचार, वजन उचलणं, आग, उंचीवरचं काम, आणि समुद्रातल्या मशीनसाठी पाण्यात जगणं. आपल्याकडे जमिनीवरच्या मशीन असल्यामुळे शेवटचं बहुतेकांना लागत नाही. दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. हे स्वतःच्या पैशाने करू नकोस, घेणारी कंपनी बहुधा करून देते. स्वतःच्या खर्चाने एकच कर: एखाद्या उंच टॉवरच्या शिडीवर चढून बघ. हार्नेस लावून शंभर मीटरवर गेल्यावर पाय थरथरले तर तुझा आणि आमचा दोघांचा वेळ वाचेल. आमच्यात इंजिनिअर होऊन आलेले दोघे-तिघे नॅसेलमधून (टॉवरच्या टोकावरच्या यंत्रखोलीतून) उतरले ते थेट एसटीत बसले.

शिकायचं असेल तर चेन्नईची नाइवी, म्हणजे राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था. १९९८पासून आहे, तामिळनाडूत कायथरला त्यांचं टेस्ट स्टेशन आहे. त्यांचे राष्ट्रीय कोर्स साइट निवडण्यापासून ग्रिडपर्यंत सगळं घेतात. शिकवणारे मोजमाप करणारे लोक आहेत, विकणारे नाहीत.

वाऱ्याचा हंगाम जून ते सप्टेंबर. सगळी मेंटेनन्स त्याच्या आधी उरकायची, म्हणजे एप्रिल-मेमध्ये लग्नकार्य विसरायचं. हे कोर्समध्ये सांगत नाहीत.

९६_ब्लॉक

साइट नको असेल तर आमच्याकडे ये. मी फोरकास्टिंग-शेड्यूलिंगच्या डेस्कवर आहे. राज्य वीज नियामक आयोगाचे २०१८चे नियम आले तेव्हापासून पवन आणि सौर प्रकल्पांना उद्या किती वीज देणार हे १५-१५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकांत आधी सांगावं लागतं. ते ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे जातं. ठरलेल्या पट्ट्याबाहेर अंदाज चुकला की दंड, मग मालक फोनवर.

इथे लागतं पायथन, थोडं संख्याशास्त्र, हवामानाची समज आणि रात्रपाळीची तयारी. तुझ्यासारखा पॅनेल आतून बघितलेला माणूस आमच्याकडे नाही, ही आमची खरी उणीव. परवा एका प्लांटचं उत्पादन दुपारी अचानक निम्म्यावर आलं. आमची पोरं उपग्रहाचे फोटो बघत ढग शोधत बसली. एक इन्व्हर्टर ब्लॉक ट्रिप झाला होता, आकाश स्वच्छ. आलेख सरळ कड्यासारखा पडला तर ढग नसतो, ब्रेकर असतो, हे तुला न शिकवता कळेल.

ओल्डेनबर्गकर

जर्मनीचा विषय निघाला म्हणून. मी ओल्डेनबर्ग विद्यापीठात शिकलो. इथला नवीकरणीय ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८७पासून चालू आहे, आशिया-आफ्रिकेतून आलेल्या इंजिनिअरांचा मोठा वर्ग असतो. लॅब उत्तम. पण दोन गोष्टी मित्राला विचार. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवायचे कुठून? आणि जर्मन शिकणार का? डेस्कचं काम इंग्रजीवर निभतं, साइटचं निभत नाही, कारण फोरमन तुमच्यासाठी भाषा बदलणार नाही. आधी तिकडे दोन-तीन प्लांट बघ, मग ये. माझ्या वर्गात ज्यांनी प्रत्यक्ष काम केलेलं होतं त्यांचेच प्रश्न ऐकण्यासारखे असायचे.

बसबार_अंबड

सगळ्यांचे आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मेगरताई, गणित सोडवलं. निफाडचं नाव का घातलंत ते लगेच कळलं. माझी सासुरवाडी पिंपळगावची, थंडीत द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात. पारा ४ अंश धरला. २५ (डेटाशीटचे आकडे ज्या तापमानाला दिलेले असतात ते) उणे ४ म्हणजे २१ अंश, गुणिले ०.२७ म्हणजे ५.६७ टक्के. थंडीत व्होल्टेज वाढतं, म्हणून ५०चे झाले ५२.८३. १५०० भागिले ५२.८३ म्हणजे २८.३९. उत्तर २८. पुणेकरांच्या ३० मोड्यूलचे पहाटे १५८५ व्होल्ट होतील आणि इन्व्हर्टर सूर्य उगवताच जाईल.

संस्थेला फोन केला. आयव्ही ट्रेसरचं विचारलं तर बाई म्हणाल्या, 'सर, आम्ही सिम्युलेशनवर दाखवतो.' किती प्लांट चार्ज केले विचारल्यावर 'मेंटॉरना विचारून कळवते'. नंतर फी ४० हजारांवर आली. घेत नाही.

आता ठरवलंय असं: पर्यवेक्षकाचा अर्ज, एनपीटेलचा एक कोर्स, आणि नाइसचं वेळापत्रक आलं की रजा टाकून जायचं. नोकरी सोडत नाही. पण प्रत्यक्ष कमिशनिंग बघायला मिळाल्याशिवाय हे सगळं पुन्हा कागदावरच राहील. त्याला काही मार्ग?

छतावरचा_पुणेकर

३० मागे घेतो. 😄 पण गच्चीवर १० अंशांच्या खाली विचार करायची वेळ येत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

मेगर

पुणेकर, पाषाणला जानेवारीत पहाटे गच्चीवर जाऊन बघा एकदा.

भाऊ, २८ बरोबर. शून्य अंश धरलं तरी २८चे १४९५च्या आतच बसतात, म्हणजे निफाडने एखाद्या वर्षी जास्तच गंमत केली तरी झोप लागेल. पण गणित अर्धंच केलंस. आता दुसरं टोक बघ. मेमध्ये सेल ७० अंशांवर जातो. कामाचं व्होल्टेज ४२ धर, गुणांक उणे ०.३४. ४५ अंशांचे १५.३ टक्के गेले, ३५.६ उरले, गुणिले २८, साधारण ९९६. इन्व्हर्टरची एमपीपीटी खिडकी (काम करण्याचा व्होल्टेज-पट्टा) खाली कुठे संपते ते डेटाशीटमध्ये बघ. ती ९९६च्या खाली असेल तर ठीक. वर असेल तर तुझा प्लांट नेमका दुपारी, नेमका उन्हाळ्यात कमी वीज देईल आणि सगळे म्हणतील धूळ बसली असेल. वरचं टोक चुकलं तर धूर निघतो, लगेच कळतं. खालचं चुकलं तर वर्षानुवर्षं कोणालाच कळत नाही, आणि माझ्या मते ते जास्त वाईट.

मार्गाचं म्हणशील तर आहे, आणि तो तुझ्याच कारखान्यातून जातो. तुम्ही एसीडीबी पुरवता ना? मग मालकाला सांग, साइटवर एसीडीबी चार्ज करताना आमचा माणूस हजर राहील, पैसे नकोत. कृषी फीडरसाठी गावोगाव छोटे प्लांट होतायत, ११ नाहीतर ३३ केव्हीवर उपकेंद्राला जोडायचे. तिथे कॉन्ट्रॅक्टरकडे माणसं कमी आणि तारखा जवळ. फुकटचा इंजिनिअर कोण नाकारतं? गेलास की आपला डबा तपासून झाल्यावर निघू नको. डीसी बाजूच्या टीमबरोबर रीडिंग लिहून घ्यायला उभा राहा. वही धरणाऱ्या माणसाला कोणी हाकलत नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते लोक स्वतःच म्हणतात, घे, आता तू लाव.

फक्त कारखान्यातला तो ६०० व्होल्टवाला मल्टिमीटर घेऊन जाऊ नको. १५०० व्होल्ट डीसीचं रेटिंग मीटरवर पण हवं आणि लीडवर पण, लीडवरचं लोक वाचत नाहीत. हातमोजे स्वतःचे ने, साइटवरचे नेहमी एकाच हाताचे उरलेले असतात.